अशरफची पळी आणि बाबांचं ताट

"टाका नं बाबा. ताटात टाका म्हणते ना मी. दोन घास टाका आन् उठा."

माझी बायको प्रज्ञा भर हॉटेलात उभी राहून ओरडत होती. ओरडत होती म्हणजे किती, तर जर्मनीतल्या आमच्या एर्लांगेन स्टेशनातून सुटलेली गाडी सिग्नल हिरवा असताना थांबली. शेजारच्या टेबलावरच्या जर्मन आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. ज्यांच्यावर ती ओरडत होती ते तिचे वडील, म्हणजे माझे सासरे, मान खाली घालून शांतपणे जेवत होते. आणि त्यांच्या डाव्या खांद्यामागे हॉटेलचा मालक अशरफ, सहा फूट उंच आणि जवळजवळ तेवढाच रुंद, हातात भाताने भरलेली पळी घेऊन विकेटकीपरसारखा टपून उभा होता.

आता, मुलीने बापाला "ताटात टाका" म्हणावं ही साधी गोष्ट नव्हे. प्रज्ञाच्या माहेरी, अमरावतीला, ताटात शीत ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. खाली सांडलेलं शीतसुद्धा तिथे ओल्या बोटाने टिपून तोंडात जातं. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणात मी पुण्याच्या सवयीने अर्धी पुरी बाजूला सारली, तेव्हा तिच्या तिन्ही काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मुलगी दिली ती परत कशी घ्यावी याचा विचार चाललाय हे मला स्पष्ट दिसलं. त्या घरातली मुलगी हे वाक्य बोलली. सूर्य त्या दिवशी पश्चिमेला उगवला असता तरी मी म्हणालो असतो, असेल काही कारण.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे तो मोसम परत आलाय. आमच्या बसथांब्यापाशी लाकडी टपरी लागलीय आणि तिच्यासमोर रांग. रांगेतल्या लोकांचे चेहरे देवदर्शनाला निघाल्यासारखे. टपरीत मिळतो श्पार्गेल. श्पार्गेल म्हणजे शतावरीच्या जातीचे जाडजूड पांढरे कोंब. मातीच्या ढिगाखाली, जन्मभर उन्हाचं तोंड न बघता वाढलेले. एप्रिलमध्ये येतात, जूनच्या शेवटी जातात, आणि मधल्या काळात जर्मन माणसाशी दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोलता येत नाही. एरवी मुलाच्या लग्नाची बातमी हवामानाच्या सुरात सांगणारा माझा बॉस श्पार्गेलचं नाव काढलं की डोळे मिटतो. मी दरवर्षी श्रद्धेने खातो. चवीचं म्हणाल तर, पावसात भिजलेला पेपर उकडून त्याच्यावर लोण्याची आमटी ओतली तर साधारण तसंच काहीतरी होईल. फक्त पेपराला शाईची तरी चव असते.

तर अशा या पांढऱ्याफटक मोसमात, त्या वर्षी बाबा आमच्याकडे आले.

आदल्या हिवाळ्यात प्रज्ञाची आई गेली होती. बाबा जन्मभर वीज खात्यात वायरमन; वैशाखात डांबर वितळत असताना खांबावर चढून बसणारा माणूस. एकेकाळी त्यांचं जेवण बघायला शेजारची मुलं यायची म्हणतात. आई गेल्या आणि त्यांची भूकच गेली. विमानतळावर मला आधी शर्ट दिसला, मग त्या शर्टात शोधल्यावर बाबा सापडले. अमरावतीच्या डॉक्टरांनी प्रज्ञाला फोनवर सांगितलं होतं, दुखणं काही नाही, पण खात नाहीत. असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नळीने भरवायची वेळ येईल. म्हणून तिने तीन महिन्यांचा व्हिसा काढून त्यांना इकडे आणलं. जेवायला घालायला. जगभरातून लोक जर्मनीला गाड्या बघायला येतात, किल्ले बघायला येतात; आमचे बाबा जेवायला आले.

प्रज्ञाने काय नाही केलं. म्युनिकच्या भारतीय दुकानातून ज्वारीचं पीठ आणवलं. झुणका केला, पाटवड्यांचा रस्सा केला. वांगं थेट गॅसवर भाजून भरीत केलं, तेव्हा धुराचा अलार्म वाजून सगळी बिल्डिंग खाली उतरली. एक काकू मांजर घेऊन उतरल्या, आणि ते मांजर नंतर चार दिवस आमच्या दारात येऊन बसायचं, वासावर. पण बाबा? "झालं बा." अर्धी भाकर, चमचाभर झुणका, झालं. आणि त्यांना काही बोलायचीही सोय नाही, कारण ताट लख्ख. जेवण झालं की ते ताटात पाणी ओतायचे, बोटाने ताट पुसून घ्यायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचे. ज्याच्या ताटात कणभर उरत नाही त्याला जेवत नाही कसं म्हणणार? मेख अशी होती की वाढून घेणं त्यांच्या हातात होतं. घेतलेलं टाकणार नाहीत. पण घेणारच नाहीत. मग ते धुतल्यासारखं ताट प्रज्ञा सिंकपाशी उभी राहून कितीतरी वेळ धूत बसायची.

आमची मुलगी ओवी, वय वर्षं सात, जर्मन शाळेत जाणारी. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. ती एकदा शांतपणे म्हणाली, "ओपा इस्ट वी आइन फोगेल." आजोबा पाखरासारखे जेवतात. बाबांनी विचारलं, काय म्हणते? मी म्हणालो, तुमची आठवण येईल म्हणते. भाषांतर करताना मी नेहमीच थोडी भर घालतो. आमच्या घराण्यात ते आहे.

मग माझ्या ऑफिसातल्या उवेने आम्हाला श्पार्गेल खायला बोलावलं. जेवणाच्या आदल्या दिवशी त्याचा मेसेज: माणशी किती दांडे आणि किती बटाटे? मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, एक. मी म्हणालो, एक काय, दांडा की बटाटा? बाबा म्हणाले, "दोन्ही मिळून."

जर्मन पाहुणचार हा जगातला सगळ्यात प्रामाणिक पाहुणचार. उवेने बाबांना एकदा विचारलं, अजून? बाबांनी मान हलवली. भांडं गेलं. संपलं. आपल्याकडे पहिलं "नको" हे फक्त घसा साफ करण्यासाठी असतं, दुसरं शिष्टाचाराचं, तिसऱ्याला जरासा अर्थ असतो आणि तोही वाढणाऱ्याने ऐकायचा नसतो. इथे नाही म्हणजे नाही. बाबांना तो देश एकदम आवडला. "लई सज्जन लोक आहेत," ते बाहेर पडताना म्हणाले, "जबरदस्ती नाही करत." प्रज्ञाचा चेहरा त्या श्पार्गेलपेक्षा पांढरा झाला होता.

परतताना बस चुकली. रविवार, त्यामुळे पुढची बस बहुधा सोमवारी. आणि तेवढ्यात वास आला. कांदा तळल्याचा वास. अहो, साधा वास नव्हे. एर्लांगेनमध्ये सायकलवाले दुसऱ्या कुठल्याच कारणासाठी थांबत नाहीत, लाल दिव्यालासुद्धा मनाविरुद्ध थांबतात. त्या वासाला तिघे जण उतरले होते. वासाच्या टोकाला अशरफचं हॉटेल होतं.

पूर्वी ती जुनी फ्रँकिश, म्हणजे अस्सल इथल्या भागातली, खानावळ होती. भाडेकरारात घरमालकाने लिहून घेतलं होतं की भिंतीवरची हरणांची शिंगं काढायची नाहीत. म्हणून अशरफने शिंगांना रमजानचे रंगीत कंदील टांगले होते आणि मधल्या सगळ्यात मोठ्या सांबराच्या कपाळावर पिरॅमिडचा फोटो लावला होता. ते सांबर इजिप्तला जाऊन आल्यासारखं समाधानी दिसायचं. अशरफ मूळचा इजिप्तमधल्या टांटा गावचा. आम्ही भारताचे कळल्यावर त्याने हिंदी सिनेमातल्या सगळ्या हिरोंची नावं घेतली आणि प्रत्येकाची तब्येत विचारली, जणू आमचे चुलतेच. मग बाबांकडे वळून, इजिप्तमध्ये वडीलधाऱ्याला आदराने जी हाक मारतात ती मारली. ती मराठी कानांना इतकी अडचणीची आहे की मी इथे लिहीत नाही. प्रज्ञाने हात जोडून त्याला "बाबा" शिकवलं. तो म्हणाला, हे तर आमच्यातही चालतं.

आणि त्याने कोशरी आणली.

कोशरी म्हणजे खाली भात, भातात मसूर, त्यावर मॅकरोनी, त्यावर शेवया, त्यावर हरभरे, वरून लसणीच्या व्हिनेगरची धार, टोमॅटोची तिखट चटणी आणि सगळ्यांवर तो कांदा, तपकिरी, कुरकुरीत, कळसासारखा. बाबा बराच वेळ त्या ढिगाकडे बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "जावईबापू, याच्या घरी काल पाहुणे आले असतील. जे जे उरलं ते एकात टाकून दिलं यानं."

पण ताट भरून समोर आलं होतं. वाढायला बाबांचा हात नव्हता. इथेच त्यांचा घात झाला. समोरचं टाकता येईना. ते खाऊ लागले, कर्तव्य म्हणून, जसा वायरमन वादळात खांबावर चढतो तसे. प्रज्ञाने टेबलाखाली माझं मनगट असं दाबलं की त्या हाताने मी पुढचे दोन दिवस टायपिंग केलं नाही. "बोलू नको," ती ओठ न हलवता म्हणाली, "खाऊन राहिले."

ताट संपलं. बाबांनी नेहमीप्रमाणे पेल्यातलं पाणी ताटात ओतलं, बोट फिरवलं आणि पिऊन टाकलं.

गल्ल्यामागे अशरफने ते पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी त्यापूर्वी फक्त अपघाताच्या ठिकाणी पाहिलं होतं. त्याने छातीवर हात ठेवला, आत गेला आणि पातेलं घेऊनच बाहेर आला. बाबा म्हणाले, नको, नको. अशरफ म्हणाला, वल्लाही, आणि देवाची ती शपथ हवेत असतानाच पळी ताटात उतरली. दुसरं ताट. बाबांनी तेही संपवलं आणि पुन्हा पाणी ओतलं. अशरफच्या तोंडून कळवळ्याचा आवाज आला आणि पळी परत आली. तिसऱ्या वेळी मात्र ओवीने आजोबांच्या ताटातला कांदा पळवला, शेवटचे हरभरे इकडेतिकडे सांडले, ताट जरा अस्ताव्यस्त दिसलं आणि पाणी ओतायच्या आत प्रज्ञाने बाबांना उठवलं. त्या दिवशी बाबा बसमध्ये बसल्या बसल्या झोपले. पोट भरलेला माणूस झोपतो तसे.

बिल देताना मी अशरफला विचारलं होतं, अरे बाबा, इतकं का वाढतोस? तो माझ्याकडे रागाने बघत म्हणाला, "म्हाताऱ्याला घरी उपाशी ठेवता का तुम्ही?" मग समजावून सांगितलं. त्यांच्याकडे पाहुणा ताटात दोन घास ठेवतो. ठेवले म्हणजे यजमान जिंकला, पाहुणा हरला, सगळे खूश. ताट रिकामं म्हणजे पाहुणा भुकेला. तोंडाने तो काहीही म्हणो, तोंड खोटं बोलतं, ताट बोलत नाही. "आणि तुझा बाप तर," तो आवाज खाली आणून म्हणाला, "ताट धुतलेलं पाणी पितो. मी टांटामध्ये दुष्काळाच्या गोष्टी ऐकल्यात. असं नाही ऐकलं."

बघा आता. एका बाजूला अमरावती: समोर आलेलं टाकायचं नाही. दुसऱ्या बाजूला टांटा: रिकामं ताट दिसलं की भरायचं. या दोन यंत्रांचे दात एकमेकांत बसले तर ते चक्र थांबायचं कारणच नाही. सूर्य विझेपर्यंत चालेल. आणि ते बंद करायचं बटण सगळ्या जर्मनीत एकट्या माझ्याकडे होतं. मी काय केलं? बटण खिशात घातलं. प्रज्ञाला सांगितलं नाही, बाबांना सांगितलं नाही. अशरफला म्हणालो, होय, बिचारे फार सोसलंय त्यांनी.

मग दर शनिवार, परतीच्या बसची वेळ होईपर्यंत. बाहेर सगळा देश पांढरे दांडे सोलत होता आणि आम्ही सांबराखाली बसून नाईल नदीकाठचं जेवत होतो. फूल आलं: बाकल्याच्या, म्हणजे वालासारख्या मोठ्या शेंगेच्या, दाण्यांची रात्रभर शिजवून घोटलेली उसळ, वर तेल आणि जिरं. ताअमिया आली: त्याच दाण्यांचे हिरवे वडे. बाबांनी एक फोडून आत पाहिलं आणि वडा ही वस्तू कुठेही गेली तरी ओळखू येते, असं सांगितलं. इजिप्शियन पोळीला ते ऐश म्हणतात. मी बाबांना म्हणालो, खा, ऐश करा, तर त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

आणि मुलुखिया. तागाच्या जातीचा पाला, बारीक चिरून केलेली हिरवीगार पातळ भाजी, भेंडीसारखी तार धरणारी. त्यावर लसूण-धण्याची फोडणी घालताना स्वयंपाक करणाऱ्याने मोठ्याने श्वास आत ओढायचा असतो, भूत दिसल्यासारखा. नाही ओढला तर भाजी बिघडते म्हणे. अशरफ इतक्या ताकदीने ओढायचा की टेबलावरचे कागदी रुमाल स्वयंपाकघराच्या दिशेने सरकायचे. पुढच्या मंगळवारी आमच्या घरी प्रज्ञा वरणाला फोडणी देत होती. बाहेरच्या खोलीतून बाबांनी श्वास ओढल्याचा आवाज आला, ओवीने लगेच ओढला, मग मीही. प्रज्ञा झारा हातात तसाच धरून हसत राहिली. त्या घरात कितीतरी महिन्यांनी कुणी हसत होतं आणि लसूण करपत होती.

बाबांच्या शर्टात हळूहळू बाबा दिसायला लागले. गाल आले. पट्ट्याचं भोक बदललं. प्रज्ञा शनिवारची वाट बघायची, मी माझ्या मुत्सद्देगिरीवर खूश होतो. दोन प्राचीन संस्कृती आणि मध्ये मी. आरशात दाढी करताना मला माझ्या चेहऱ्यात राजदूत दिसायचा.

जूनच्या शेवटच्या शनिवारी, टपरीवर "शेवटचे दोन दिवस" अशी पाटी लागलेली असताना, आम्ही अशरफकडे गेलो. बाबा मंगळवारी परत निघणार होते. अशरफने निरोपाचं जेवण केलं होतं. आता मी अतिशयोक्ती करत नाही, पण टेबल वाकलं होतं. भरलेली वांगी, भरलेल्या मिरच्या, भरलेली द्राक्षाची पानं. त्या माणसाला पोकळ दिसलेली प्रत्येक वस्तू त्याने भातानं भरली होती. मुलुखिया, फूल, आणि बाबांना आवडते म्हणून कोशरी वेगळी. बाबा जेवले. ताट धुऊन प्यायले. अशरफने भरलं. बाबा जेवले. कपाळावर घाम आला. सदऱ्याचं वरचं बटण उघडलं. अशरफने भरलं. ओवी कुजबुजली, "ओपा प्लाट्स्ट ग्लाइश," म्हणजे आजोबा आता फुटणार. एवढे दिवस खूश असणारी प्रज्ञा आता घाबरली. नळी टळली, पण हे काय होऊन बसेल?

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे ते जर्मन आजोबा पुढे वाकले. एकदा नाईलवर बोटीतून फिरून आले होते. आणि नियम माहीत असूनही तो न सांगता जर्मन माणसाला घास उतरत नाही. "मॅडम," ते म्हणाले, "इजिप्तमध्ये ताटात थोडं ठेवायचं असतं. नाहीतर ते वाढतच राहतात. तुमच्या वडिलांना कुणी सांगितलं नाही का?"

प्रज्ञा सावकाश माझ्याकडे वळली. माझ्या तोंडात अख्खी ताअमिया होती.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

मी चावत राहिलो. चिडली की तिची पुण्यात कमावलेली मराठी गळून पडते आणि खालून अमरावती निघते. ती उठून उभी राहिली, आणि मग जे झालं ते तुम्हाला सांगितलंच. गाडी थांबली वगैरे.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. तिने त्यांना सगळा नियम सांगितला, तिकडचा आणि इकडचा, दोन घास टाकले की हा माणूस थांबतो म्हणून, टाकून द्या, आज चालते. बाबांनी मान हलवली. शेवटचे दोन घास खाल्ले. पाणी ओतलं, बोट फिरवलं, प्यायले. पळी निघाली. प्रज्ञाने मध्येच आपला तळहात ताटावर आडवा धरला. पळी तिच्या मनगटाच्या वर थांबली. बाबांनी डाव्या हाताने तिचा हात धरला, हळूच बाजूला केला आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतला. अशरफने वाढलं.

हॉटेलाजवळच्या बसथांब्यावरही श्पार्गेलची टपरी होती. टपरीवाली उरलेले दांडे खोक्यात भरत होती. मी प्रज्ञाला समजावून सांगायला घेतलं. म्हणालो, हा संस्कारांचा प्रश्न आहे. एका वडीलधाऱ्या माणसाने परमुलखात यजमानाचा मान राखला आणि आपल्या घराची रीतही सोडली नाही. स्वतः त्रास सोसला पण दोन संस्कृतींना दुखावलं नाही. हा त्याग आहे, म्हणालो. मी अजूनही बोललो असतो, मुद्दे होते माझ्याकडे.

प्रज्ञाने ऐकलंच नाही. ती बाबांच्या शेजारी बाकावर बसली होती, आवाज बसलेला, डोळे लाल.

"पण बाबा," ती म्हणाली, "मी सांगितलं नं तुमाले. टाकलं असतं तर थांबला असता तो. मंग काहून खाल्लं?"

बाबा येणाऱ्या बसकडे बघत होते.

"भूक लागली होती," ते म्हणाले.